रोजचं भलं

फोन आला तेव्हा पार्लरवालीच्या हातात ब्रश होता आणि काकूंचं अर्धं डोकं रंगवून झालं होतं.

"ताई, मुलीला न्यायला येता का? आज पण जरा त्रास होतोय तिला." शाळेतून येणारा बाईचा आवाज रोजचाच. मऊ, ओशाळलेला.

"येते," पार्लरवाली म्हणाली आणि तिने आरशातल्या काकूंकडे बघितलं. "काकू, चला."

"कुठं?"

"शाळेत. उरलेलं डोकं तिथं करू."

काकूंनी स्वतःचा अवतार न्याहाळला. गळ्याभोवती प्लॅस्टिकचा कपडा, कपाळावर काळा ओघळ. "हे असलं ध्यान घेऊन?"

"रोज गिऱ्हाईक टाकून पळते मी. आज नाही टाकणार."

काकू पायाने चपला चाचपायला लागल्या. "चल बाई. नाही तरी घरी माझी कोण वाट बघतंय."

रस्त्यात लोक वळून वळून बघत होते. काकूंनी मान ताठ ठेवली. रुबाब म्हणून नव्हे, ओघळ डोळ्यात जाऊ नये म्हणून. शाळेच्या फाटकावरच्या शिपायाने काकूंचं डोकं बघितलं आणि मुकाट्याने फाटक उघडलं.

भिंगरी कचेरीत होती, दप्तर पाठीला लावून. गलका वाढला की ही मुलगी दोन्ही कानांवर हात ठेवून स्वतःभोवती फिरायला लागते, म्हणून घरात तिला भिंगरी म्हणतात. आत्ता मात्र ती फिरत नव्हती. टाइप करत बसलेल्या एका बाईच्या स्वेटरची बाही तिने मुठीत धरली होती आणि ती बाई बिचारी एकाच हाताने टाइप करत होती.

"आलात ताई?" बाई म्हणाली. फोनवरचाच आवाज.

"तुमच्याजवळ शांत बसते की ही."

"माझं कामच आहे ते," बाई बोलून गेली आणि चटकन मुख्याध्यापिकेच्या दाराकडे बघून तिने आवाज उतरवला. "म्हणजे घेतलं होतं त्यासाठी. मुलांजवळ बसायला, सहायिका म्हणून. पण कचेरीत माणूस नाही ना. पहिल्या दिवसापासून इथंच बसवलंय."

वर्गात भिंगरीच्या शेजारी सहायिका बसेल, असं शाळेने प्रवेशाच्या बैठकीत कबूल केलं होतं. पुढे जेव्हा जेव्हा विचारलं तेव्हा एकच उत्तर मिळालं, शोधतोय, कुणी मिळत नाही. आणि जिने मुलीला वर्गात सांभाळायचं, तिच्याकडूनच 'मुलीला घेऊन जा' असे फोन करवले जात होते.

ती मुख्याध्यापिकेच्या खोलीत शिरली. मागोमाग काकू. तिने खुर्ची ओढून काकूंना बसवलं, टेबलाच्या कडेवर रंगाची वाटी ठेवली आणि उरलेल्या अर्ध्या डोक्याला हात घातला.

"अहो, हे काय चाललंय?" मुख्याध्यापिका म्हणाल्या.

"माझं काम. तुम्ही बोला मॅडम, हात चालवता चालवता ऐकायची सवय आहे मला."

"हे बघा, तुमच्या मुलीला आम्ही काढलेलं नाही. तिच्याच भल्यासाठी लवकर घरी पाठवतो."

"एखाद्या दिवशी भलं केलंत तर हात जोडीन. रोजचं भलं नाही झेपत आम्हाला." तिने शेपटीच्या कंगव्याने सरळ भांग पाडला. "सहायिका मिळत नाही म्हणालात. बाहेर बसलीये."

मुख्याध्यापिकेने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "कचेरीचं काम कोण करणार? अख्खी शाळा चालवायची असते मला. एका मुलीसाठी..."

"त्या एका मुलीसाठीच तर रोज मला काम सोडून बोलावता तुम्ही. शाळा सुटेपर्यंत वर्गात बसायचा तिचा हक्क आहे. तिच्याजवळ माणूस द्यायचं तुम्ही माझ्यासमोर कबूल केलंय. मी तिला न्यायला आलेली नाही."

"आणि नाही जमलं तर?"

"तर बसू आम्ही. रंग मुरायला वेळ लागतोच."

काकूंनी डोळे मिटूनच विचारलं, "मॅडम, बेसिन कुठंय हो? उशीर झाला तर टाळू काळी होते. मग माझा लेक भांडायला येतो, आणि तो लवकर जात नाही."

रंगाचा उग्र वास खोलीभर पसरला. मुख्याध्यापिकेने खिडकी उघडली, नाकाला रुमाल लावला, पुन्हा काढला. शेवटी त्यांनी दाराकडे बघून हाक मारली.

"अहो बाई, ते टाइपिंग राहू द्या. त्या मुलीला वर्गात न्या आणि तिच्याजवळ बसा."

"किती वेळ बसू, मॅडम?"

मुख्याध्यापिकेने घड्याळाकडे बघितलं.

"शाळा सुटेपर्यंत," पार्लरवाली म्हणाली.

बाईने भिंगरीच्या पाठीवरचं दप्तर उतरवून स्वतःच्या खांद्याला अडकवलं. समोरच्याच वर्गाचं दार उघडलं तसा गलका बाहेर आला. भिंगरीने एक हात कानावर नेला. दुसरा बाईच्या हातात होता. तो तिने तिथंच राहू दिला. दार लागलं.

"उद्या पुन्हा असं काही झालं," मुख्याध्यापिका चष्मा पुसत म्हणाल्या, "तर मला तुम्हाला बोलवावंच लागेल."

"बोलवा की." पार्लरवालीने काकूंच्या कपाळावरचा ओघळ हलक्या हाताने टिपला. "उद्या माझ्याकडे नवरी आहे. वऱ्हाडासकट येईन."