गालाचं बटण

सिद्धेशला जाऊन महिना झालेला. त्याने स्वतःसाठी बनवलेलं बोलकं यंत्र बाळकुम गावातल्या, त्याच्यासारख्याच आजारी असलेल्या एका मुलीला द्यायचं, म्हणून त्याची बहीण दीप्ती त्यातली सिस्टिम लॅपटॉपवर व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे संगणकातल्या नकली संगणकात, चालवून बघत होती. स्क्रीनवर कर्सर लुकलुकायचा, पण टाइप केलेलं एक अक्षर उमटेल तर शपथ! तीन दुपारी डोकेफोड केल्यावर तिने सेटिंग्जची फाइल उघडली आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कीबोर्ड सिद्धेशनेच बंद केलेला. वाचा आणि हात गेल्यावर तो गालाने एक बटण तेवढं दाबायचा, यंत्र त्या बटणाचंच ऐकायचं. तिने सेटिंग्जमध्ये त्या बटणाच्या जागी कीबोर्डचं एन्टर नेमलं आणि ते दाबलं. लॅपटॉप सिद्धेशने आजारपणाआधी रेकॉर्ड करून ठेवलेल्या त्याच्याच आवाजात म्हणाला, "आई, पाणी दे गं." "आले रे, राजा!" स्वयंपाकघरातून उत्तर आलं. दीप्ती वळेपर्यंत आई वाटी-चमचा घेऊन त्याच्या गुंडाळलेल्या गादीपाशी बसलेली.