नैवेद्याचं भांडं

राजाच्या पितरांसाठी ओतायच्या काशाच्या भांड्याचा मातीचा साचा दुआन कोरत होता. त्यावरच्या श्वापदाच्या मुखवट्याची शिंगं तेवढी कोरायची उरली होती. मुकादम येऊन म्हणाला, “भांड्याचं तोंड मोठं कर.” “राळ्याचे दाणे वाफवायला एवढं?” “राळा कसला! च्यांग टोळीचा म्होरक्या सापडलाय. त्याचं मुंडकं वाफवून पितरांना नैवेद्य दाखवायचाय.” मुकादम हसत गेला. शेजारी माती मळणाऱ्या दुआनच्या बायकोचे हात थांबले. मागच्या लढाईत तिलाही त्याच टोळीतून धरून आणलेलं. म्होरक्या तिचा सख्खा भाऊ. दुआननं साचा फोडायला हातोडी उचलली. तिनं मनगट धरलं. “तुमचंही डोकं जाईल. त्याचं थोडंच वाचणार?” “मग?” “नीट करा. लहान भांड्यात त्याचे कान कापून कोंबतील.” केस मोकळे करून ती समोर बसली. “आमची डोकी सारखीच. आई दोघांना एकच टोपी घालायची. घ्या माप.” दुआननं तिच्या कपाळाभोवती दोरी आवळली.