गुलाबरावांची परतीची होडी

महाराष्ट्र नुकताच झाला होता. कधी समुद्र न पाहिलेले डोणगावचे गुलाबराव श्रमदानाला म्हणून कोकणातल्या एका बेटावर पडकं दीपगृह दुरुस्त करायला गेले. जाताना होडीत ते असे घाबरले, की चुना मारून झाला, काचा बसल्या, सोबतीही घरोघर पोचले, तरी हे आपले तिथंच. "पानी जरा शांत होऊ द्या, मंग येतो," एवढंच म्हणायचे. शेवटी दीपगृहाच्या साहेबानं त्यांनाच दिवा लावायच्या कामावर ठेवून घेतलं.

वाट पाहून पाहून बायको, केसरबाई, तणतणत त्यांना न्यायला आली. होडी बेटाला लागली तेव्हा तिचे डोळे गच्च मिटलेले होते. गुलाबरावांनी हात धरून तिला उतरवलं.

बराच वेळ वाळूत बसून केसरबाई हळूच म्हणाली, "तो दिवा कसा लावता तुमी? मलेबी शिकवा."