अर्ध्यात पाव किती?

प्रशिक्षण द्यायला आलेल्या अमृता मॅडमनी मोतीराम गुरुजींच्या हातातला पेपर हळूच काढून घेतला अन् तिथं कागदाची पट्टी, कात्री ठेवली.

"गुरुजी, आज नुसतं ऐकायचं नाय. करायचं."

हॉलमध्ये हशा पिकला. बिडकीनजवळच्या शाळेत एकतीस वर्षं गणित शिकवलेले गुरुजी. दर प्रशिक्षणाला शहरात यायचे, सही करायचे, शेवटच्या रांगेत बसून जेवणाच्या सुट्टीची वाट बघायचे. अपूर्णांकांचा भागाकार त्यांना कोण शिकवणार? दुसरा अपूर्णांक उलटा करायचा अन् गुणायचं. झालं.

"अर्ध्यात पाव किती बसतात?" मॅडमनी विचारलं. "कापून दाखवा."

गुरुजींनी नाइलाजानं पट्टीचे चार सारखे तुकडे केले. मांडता मांडता त्यांचा हात थबकला. अख्ख्या पट्टीत पाव चार. मग अर्धीत चाराचे निम्मे, दोन. एक छेद चार उलटून चार होतो, तो असा! त्यांनी दुसरी पट्टी मागून घेतली, तिचे तीन केले. अख्खीत तीन, अर्धीत दीड. खरंच की! बाकीचे चहाला उठले तरी गुरुजी कापतच होते.

"गुरुजी, चहा निवतोय."

"मॅडम, एकतीस वर्षं शिकवलं," ते हळूच म्हणाले. "समजलं आज."

मग ते व्हरांड्यात गेले अन् शहरातच, पुंडलिकनगरात राहणाऱ्या लेकीला, सोनियाला, फोन लावला. सहावीत ती त्यांच्याच वर्गात होती. "पण उलटं का करायचं?" असं तिनं तीनदा विचारलं, अन् गुरुजींनी तिला वर्गाबाहेर उभं केलं. त्यानंतर गणितातलं तिनं त्यांना कधीच काही विचारलं नाही.

"सोनू, तवा तुझं बरोबर व्हतं," गुरुजी म्हणाले. "का करायचं ते मलाच ठाऊक नव्हतं, बाई. म्हणून तुला बाहेर काढलं."



"आप्पा, संध्याकाळी इकडंच जेवायला या," सोनिया म्हणाली. "कालच पोरीनं मला हेच विचारलं, अन् मी तिला ओरडून गप्प बसवलं."