सासूबाईंनी बाहेर बसावं

"सासूबाईंनी जरा बाहेर बसावं," मालविका म्हणाली. "सुनेला मोकळेपणानं बोलू द्या."

प्रभावतीबाई निमूटपणे उठल्या. महिला मदत केंद्रातली ही समुपदेशक वाराणसीच्याच मराठी घरातली, वयानं त्यांच्या नातीएवढी. सासू आली म्हणजे दोष तिचाच, हे तिनं गृहीतच धरलं होतं. प्रभावतीबाईंना राग आला नाही, थोडं हसूच आलं. सुनेनं, देवयानीनं, हात धरून त्यांना परत खुर्चीत बसवलं.

"मॅडम, मला कुणी मारत नाही. आईंना मारतात. बाबा."

मालविकाचं पेन हातातच राहिलं. समोरच्या फॉर्मवर हुंडा होता, मुलांचा ताबा होता, माहेरचा पत्ता होता. पंचाहत्तर वर्षांच्या बाईला माहेरचा पत्ता काय विचारायचा? तिनं आधी चहा मागवला.

प्रभावतीबाईंनी बांगड्या मागे सारून काळंनिळं पडलेलं मनगट दाखवलं. कालचंच होतं. ब्रह्मा घाटावर लोक ज्यांच्या पाया पडल्याशिवाय पुढे जात नाहीत, त्या त्यांच्या नवऱ्यानं, काशीनाथशास्त्र्यांनी, आमटी खारट झाली म्हणून ते पिरगळलं होतं. चोपन्न वर्षांत हे त्यांनी परक्या माणसाला दाखवलं नव्हतं. आज दाखवलं आणि लाज वाटली नाही, याचंच त्यांना नवल वाटलं.

मालविकाचे डोळे भरून आले. पोरगी मनानं चांगली होती. "आजी, एका वृद्धाश्रमात जगह आहे. आरामात राहाल तिथं."

"घर सोडून मी का जाऊ? तू तक्रार लिही. त्यांना बोलावून समज द्या."

"लिहीन ना. पण पोलीस, कचहरी, या उमरीत तुम्हालाच परेशानी होईल. आजोबांनी ऐंशी ओलांडली म्हणता. आता असे किती दिवस राहिलेत?"

प्रभावतीबाईही स्वतःची अशीच समजूत घालत आल्या होत्या. साठीला निवळतील, सत्तरीला हात थकेल. हात काही थकला नव्हता.

त्यांनी कप शांतपणे खाली ठेवला.

"रविवारी त्यांचं सहस्रचंद्रदर्शन आहे. एक्याऐंशी झाली म्हणून. अकरा वैदिक बसून त्यांच्यासाठी शंभर वर्षं मागणार आहेत, आणि मी शेजारी पाटावर बसून त्यांच्या हाताला हात लावायचा आहे." त्यांनी फॉर्म मालविकाकडे सरकवला. "किती दिवस विचारतेस ना? एकोणीस वर्षं. लिही."