हंडीतली घंटा
पंपाचा वॉशर फाटून तीन वर्षं झाली, तरी विज्ञानाचे सर दरवर्षी तीच काचेची हंडी मांडतात. आत विजेची घंटा. पंपानं हवा काढली की आवाज बंद, असं पुस्तकात लिहिलंय. हवा कसली निघते, डोंबल! आजही घंटा ठणठण वाजत होती. तिच्या वरताण ओरडत सरांनी विचारलं, “ऐकू येते का?” “नाही सर!” वर्गातली चाळीस मेंढरं एका सुरात म्हणाली. मागच्या बाकावरची मुलगी तेवढी उभी राहिली. “सर, येते.” सरांनी तिची वही घेऊन प्रयोगावर लाल फुली मारली. “कान तपासून घे. नाहीतर विचार मामांना, वीस वर्षं प्रयोगशाळा सांभाळतायत.” ती माझ्याकडे वळली. एवढ्या मेंढरांत एकच माणूस निघालं, तेही चौदा वर्षांचं. “मामा, घंटा वाजतेय ना?” मी फडक्यानं हंडीवरची धूळ पुसत म्हणालो, “कुठली घंटा?”