लिस्बनला पत्र

पोर्तुगालच्या हुकूमशहाला कायतान ‘साहेब’ म्हणायचा. दुबईत एका कंपनीच्या मेसमध्ये तो गोवेकर कुक. "साहेब आहे म्हणून जगात ख्रिस्ताचं राज्य टिकलंय, अन्वरभाय."

"आणि तुम्ही भाकरी खाता शेखच्या राज्यात," त्याच कंपनीतला रत्नागिरीचा टायपिस्ट अन्वर हसून म्हणायचा.

पासष्ट साली लिस्बनहून पत्र आलं. तिथे शिकणाऱ्या कायतानच्या एकुलत्या पोराने साहेबाविरुद्ध घोषणा दिल्या होत्या. तुरुंगातल्या मारहाणीत तो मेला.

 तिसऱ्या दिवशी कायतान अन्वरच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. "साहेबाला पत्र लिहायचंय."

अन्वरने मशीनवर कागद चढवला. उशिरा का होईना, बापाचे डोळे उघडले म्हणायचे.



"लिहा," कायतान म्हणाला, "पोराला वळण लावण्यात बाप कमी पडला. माफी असावी."